पॅकेज नको विचारू, माणसं किती न तास किती ते विचार

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका होणाऱ्या नवरीचं पत्र आलंय. लांब आहे, कापून देते.

"ताई, फेब्रुवारीत माझं लग्न आहे. आदल्या संध्याकाळी घरीच मेहंदी, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी हळद, संध्याकाळी वर्धा रोडवरच्या लॉनवर गोरज मुहूर्त, तिसऱ्या दिवशी वर्ध्याला सासरी रिसेप्शन. सगळं मिळून बजेट ८ लाख. बाबांनी फोटोसाठी ६० हजार ठेवलेत, वर एक रुपया नाही म्हणाले. तीन कोटेशन आलेत. महालातले एक काका, दादाचं लग्न त्यांनीच केलं होतं, ते ४८ हजार म्हणतात. धरमपेठेतला एक कॅन्डिडवाला १ लाख १५ हजार. आणि एक मोठी टीम आहे, प्री-वेडिंग, ड्रोन, एलईडी वॉल सगळं धरून २ लाख ४० हजार. होणारा नवरा म्हणतो तिसरी टीम घे, ईएमआय करू. आत्याचा मुलगा म्हणतो माझ्याकडे डीएसएलआर आहे, फुकट काढतो. माझे स्वतःचे २५ हजार आहेत. नेटवर वाचलं की लग्नाच्या खर्चाचे १० टक्के फोटोला ठेवायचे. मग ६० हजार कमी आहेत का? माझं डोकं चालून नाही राहिलं."

अगं, चालेल डोकं. पहिलं काम म्हणजे ते १० टक्के विसर. फोटोवाला टक्क्यावर नाही चालत. लॉनवर ६०० पानं उठली काय न २०० उठली काय, त्याच्यासाठी नवरी एकच न मुहूर्त एकच. त्याचा हिशेब साधा असतो, माणसं किती, तास किती, नंतर कॉम्प्युटरवर बसून करायचं काम किती, आणि अल्बम. बास. बाकी ते प्रीमियम न रॉयल न सिनेमॅटिक जे काय चकचकीत छापलेलं असतं ते याच चार गोष्टींना दिलेलं नाव असतं. म्हणून तिन्ही कोटेशनवर पेनानं लिही की लग्नाच्या दिवशी किती माणसं येणार, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, एडिट केलेले फोटो किती मिळणार, अल्बमची शीटं किती. जिथं उत्तर लिहिलेलं नसेल तिथं फोन करून विचार. "फुल डे" ह्या शब्दावर तर बिलकुल विश्वास ठेवू नको, एकाचा फुल डे ८ तासांचा असतो न दुसऱ्याचा १२, आणि तुझा दिवस सकाळी ९ ला हळदीनं सुरू होऊन पाठवणीपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजवणार आहे.

आणि धरमपेठवाल्याच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात "टॅक्स एक्स्ट्रा" लिहिलंय, पाहिलं का? तिसऱ्यातही आहे. फोटोग्राफीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १ लाख १५ चे झाले १ लाख ३५ हजार ७००, आणि २ लाख ४० चे झाले २ लाख ८३ हजार २००. महालातल्या काकांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर त्यांना जीएसटीची नोंदणीच लागत नाही, त्यांचे ४८ म्हणजे ४८च. तेव्हा तू ४८ न ११५ ची तुलना करून राहिली ती मुळात ४८ न जवळपास १३६ ची आहे. "बिल नको ना, टॅक्स वाचवून देतो" असं कोणी म्हणालं तर भुलू नको हं, उद्या काही वाकडं झालं तर तुझ्या हातात तेवढा एक कागदच असतो.

बाबा म्हणत असतील बटण दाबायचे लाख रुपये कसले. त्यांना हा हिशेब दाखव. दोन फोटोग्राफर मिळून दिवसभरात तीनेक हजार क्लिक सहज करतात. त्यातून निवडून समज ६०० फोटोंचा रंग-उजेड नीट करायचा, एका फोटोला फक्त २ मिनिटं धरली तरी २० तास झाले, आणि यात अल्बमचं डिझाईन न व्हिडिओची कापाकापी आलीच नाही. ४८ हजारवाले काका बहुतेक फोटो कॅमेऱ्यातून आले तसे देतील, थोडाफार उजेड वरखाली करून. त्यात फसवणूक काही नाही, ते कामच वेगळं आहे, आणि त्या कामाची पण तुझ्या घरात कोणाला तरी गरज आहे.

ती गरज बाबांना आहे. विचारून पाहा त्यांना, फोटोत काय पाहिजे. मला वाटतं त्यांना स्टेजवर आहेर घेऊन आलेला एकेक माणूस पाहिजे असेल, गावाकडचे चुलते, ऑफिसचे साहेब, मानेवाड्यातली अख्खी गल्ली, सगळे सरळ उभे, सगळ्यांचे डोळे उघडे. आपण पोरी त्याला हसतो, पण दहा-पंधरा वर्षांनी घरातलं एखादं म्हातारं माणूस गेल्यावर नेमका तोच फोटो शोधावा लागतो. ट्रॅडिशनल फोटोग्राफर म्हणतात तो हे करतो. तुला पाहिजे ते वेगळं, मंगलाष्टकं चालू असताना आईचा चेहरा, कानपिळीला दादा जोरात कान पिळून राहिला नवरदेवाचा, ते. म्हणजे कॅन्डिड. ही दोन्ही कामं एकाच मिनिटाला होत असतात म्हणून एका माणसाला नाही जमत, अंतरपाट खाली येतो तेव्हा एक जण समोर पाहिजे तुम्हा दोघांवर, एक बाजूला पाहिजे घरच्यांवर, आणि व्हिडिओवाला तिसरा. माझं मत विचारशील तर मुहूर्ताच्या आगेमागे चार-पाच तास तीन माणसं, याच्या खाली उतरू नको. बाकी सगळ्या वेळेला एक माणूस पुरतो, कधी कधी तोही नको. पैसा तिथं ओत जिथं गोष्ट परत होणार नाही.

आता कात्री लाव. मेहंदीला प्रोफेशनल माणूस नको. हळदीला एक माणूस, दोन तास. आणि वर्ध्याचं रिसेप्शन? ते सासरचं आहे ना, मग त्याचा फोटोवाला सासरनं पाहावा, यात मागणी-बिगणी काही नाही. ७५-८० किमी जायचं म्हणजे गाडीभाडं आलं, टीमचा आणखी एक दिवस आला, तो तुझ्या बाबांच्या ६० हजारातून का जावा? पण हे तू सासूबाईंना बोलू नको बाप्पा, नवरदेवाला बोलू दे. ईएमआय काढायची तयारी आहे ना त्याची, मग घरी एवढं सांगायला काय जातं.

ईएमआयचं दोन ओळीत सांगते. फोटोसाठी हप्ता नको. नवीन संसाराला भाडं, गॅस, फ्रिज हे सगळं त्याच महिन्यापासून सुरू होतं, आणि वर्षभर दर महिन्याला पैसे कटले की त्या अल्बमकडे बघावंसं वाटत नाही.

आता तुझे पैसे मोज. बाबांचे ६०, तुझे २५, झाले ८५. जीएसटी आतमध्ये धरायचा तर फोटोवाल्याच्या हातात ७२ हजार जातात, वरचे जवळपास १३ सरकारचे. तुझे २५ टाकायचे की नाही ते तू ठरव, फक्त टाकणार असशील तर बाबांना आधी सांग, लपवून टाकू नको. नंतर कळलं ना की पोरीनं स्वतःच्या पगारातून भरले तर त्यांना ते लागेल, बोलणार नाहीत पण लागेल. मग धरमपेठवाल्याला फोन लाव न सरळ सांग, दादा टॅक्स धरून माझ्याकडे ८५ आहेत, मेहंदी नाही, रिसेप्शन नाही, हळदीला एक माणूस दोन तास, दुपारी ३ पासून पाठवणीपर्यंत तिघं, अल्बम आत्ता नाही, टीझरची छोटी फिल्म नाही, जमते का बघा. इथं एक ध्यानात ठेव, रेट पाडायला जाऊ नको, काम कमी कर. रेट पाडला तर समोरचा हो म्हणतो, आणि मग त्याच तारखेला मेन माणूस दुसऱ्या लग्नात न तुझ्याकडे त्याचा असिस्टंट, असं होतं. माझ्या ओळखीतल्या एका घरी झालंय. काम कमी केलं की तो स्वतःच बसून आकडा खाली आणतो, त्यात त्याचंही तोंड राहतं न तुझंही.

नाहीच ऐकलं, मोठा मुहूर्त आहे, तारीख भरलेली आहे म्हणाला, तर दुसरा रस्ता. महालातल्या काकांकडून रिसेप्शन काढून घे, त्यांचे ४८ आपोआप खाली येतील, त्यांना फोटो-व्हिडिओ दोन्ही दे, आणि फक्त लॉनवरच्या संध्याकाळसाठी एक फ्रीलान्स कॅन्डिडवाला वेगळा धर. बाबाही खूश, तूही. यात त्रास एकच, दोन वेगळ्या टीम स्टेजवर एकमेकांना ढकलतात, नेमक्या अक्षता पडायच्या वेळी एकाच्या फोटोत दुसऱ्याची पाठ. म्हणून लग्नाआधी दोघांना एकदा फोनवर जोडून द्यायचं न ठरवायचं की डावीकडून कोण न उजवीकडून कोण.

ज्या गोष्टीला पैसे लागत नाहीत न फोटो दुप्पट चांगले येतात ती म्हणजे उजेड, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. फेब्रुवारीच्या मध्यात नागपूरला सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो. तुझा गोरज मुहूर्त नेमका त्या संधिप्रकाशात, आणि आपल्याकडचा मुहूर्त आहे तो, वरात चौकात नाचत बसली की पत्रिकेतली वेळ गेली, अंतरपाट धरेपर्यंत पूर्ण अंधार. म्हणजे नैसर्गिक उजेडातले तुझे जे काय फोटो व्हायचे ते साडेचार ते साडेपाचमध्येच. पार्लरवालीला चारला मोकळं करायला सांग, ती पाच म्हणेल न साडेपाच करेल म्हणून तिला साडेतीन सांग. दोघांचे जोडीचे फोटो मुहूर्ताआधी चालत असतील घरच्यांना तर तेव्हाच उरकून घे. नसतील चालत तर निदान तुझे एकटीचे, आईबाबांसोबतचे, मुंडावळ्या बांधून, लॉनच्या मोकळ्या बाजूला.

नंतर सगळं डेकोरेशनवाल्याच्या हातात जातं. त्या लोकांना जांभळे न गुलाबी एलईडी फार आवडतात, डोळ्याला छान दिसतात पण फोटोत चेहरा जांभळा येतो, हळदीचा रंग गायब, आणि तो रंग एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही कारण मूळ फोटोत त्वचेचा रंग पकडलेलाच नसतो. डेकोरेशनवाल्याला आत्ताच सांगून ठेव, स्टेजवर समोरून वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर पांढरा लाइट, रंगीत जे काय लावायचं ते मागच्या पडद्यावर. आणि अंतरपाटाच्या वेळी तो धूर सोडायची मशीन बंद. लाइट तर तो लावणारच आहे, रंग फक्त तू सांगायचा.

आत्याच्या मुलाचं. कॅमेरा चांगला असेल त्याचा, पण कॅमेऱ्यासोबत मिळते ती १८-५५ ची लेन्स संध्याकाळच्या उजेडात दम टाकते, फोटो हलतात नाहीतर दाणेदार येतात. प्रोफेशनल लोक जास्त उजेड आत घेणाऱ्या १.८ न २.८ च्या लेन्स घेऊन येतात त्या यासाठीच, आणि त्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्ड असतात, एकच फोटो एकाच वेळी दोन्हीवर उतरतो, एक कार्ड खराब झालं तरी लग्न वाचतं. हे धरमपेठवाल्यालाही विचार, तुमच्याकडे दोन कार्डांचा कॅमेरा आहे का, आणि त्या रात्री डेटा किती ठिकाणी उतरवता. भावाचा मोठा प्रश्न तर वेगळाच आहे. तो घरचा आहे. मंगलाष्टकं सुरू झाली की त्याच्या हातात कोणीतरी अक्षता देणार, मामा त्याला गाडी काढायला पाठवणार, आणि स्वतःच्या बहिणीच्या लग्नात पोट्टा एकाही फोटोत नसणार. त्याला मेहंदीची संध्याकाळ पूर्ण दे, घरच्या ट्यूबलाइटमध्ये जवळून हाताचे फोटो मस्त येतात त्या कॅमेऱ्यानं, आणि प्री-वेडिंगची हौस असेलच तर एखाद्या सकाळी त्यालाच घेऊन रामटेक-खिंडसीला जाऊन या. पेट्रोल न नाश्ता एवढाच खर्च.

तिसऱ्या कोटेशनमधला ड्रोन. तुझं लॉन वर्धा रोडवर, सोनेगावचं विमानतळ पण वर्धा रोडवरच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, कुठं काय चालतं याचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर आहे, आणि आपलं विमानतळ इतकं शहरात आहे की अर्धं नागपूर त्या घेऱ्यात येतं. "छोटा ड्रोन आहे मॅडम, कोणी विचारत नाही" म्हणेल तो. म्हण, परवानगीचा कागद दाखव. लॉनचं वरून काय दिसणार तसंही, पत्रे न पार्किंग. एलईडी वॉल म्हणजे मांडवात बसून मांडवाचाच टीव्ही पाहायचा, ते राहू दे.

अल्बम आत्ता नको म्हटलं त्याचं कारण, अल्बम नंतरही होतो, लग्न नंतर नाही होत. करिझ्मा अल्बमचा, म्हणजे पानावरच फोटो छापलेला असतो त्या अल्बमचा, शीटमागे रेट आजच लिहून घे, एक वर्ष तोच राहील असं, आणि फोटो हातात आल्यावर सावकाश २० शीटांचा कर. सहा-सहा महिने अल्बम येत नाही अशी सगळे बोंब मारतात, त्यातला बराचसा वेळ फोटो निवडायला नवरा-नवरीनंच लावलेला असतो.

लिहून घ्यायचं ते एका पानावर घे, व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके डन" एवढ्यावर नको. त्यात मेन फोटोग्राफर स्वतः येणार की कोण, तो आजारी पडला तर पर्याय काय, तास वाढले तर तासाचे किती, फोटो किती दिवसांत, व्हिडिओ किती दिवसांत. पैसे तीन टप्प्यांत दे, बुकिंगला पाव भाग, लग्नाच्या दिवशी मोठा हिस्सा, आणि शेवटचा पाव सगळं हातात आल्यावरच, तो शेवटचा पाव सोडू नको. यूपीआयनं दे, नाव न तारीख राहते. एडिट न केलेल्या फोटोंचं पण आधी बोलून घे, बरेच जण रॉ फाइल देत नाहीत न त्यांची ती पद्धत असते. मागायच्याच असतील तर हार्डडिस्क तुझी, कारण २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबी असते, तीन हजारांचे ७५-९० जीबी होतात, पेनड्राइव्हचं काम नाही ते.

आणि इंस्टाग्राम. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ असं सांगतं की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. आता ते "वेगळा करार नसेल तर" नेमकं फोटोवाल्यांच्या छापील फॉर्मच्या मागच्या बाजूला असतं, सगळे हक्क आमचे म्हणून. सही करायच्या आधी पान उलटून वाच. तुझे हळदीचे ओले फोटो त्याच्या पेजवर नको असतील तर "विचारल्याशिवाय टाकणार नाही" ही ओळ हातानं लिहून त्याची सही घे. आणि पैसे घेऊन फोटोच दिले नाहीत असं झालंच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीसुद्धा नाही.

टीमची तीन पानं जेवणात धर आणि त्यांना मुहूर्ताच्या आधी खाऊ घाल, रात्री ११ पर्यंत उपाशी माणूस कसले फोटो काढणार. दादाच्या एखाद्या मित्राला, ज्याला दोन्हीकडची माणसं चेहऱ्यानं माहीत आहेत, फोटोग्राफरसोबत जोडून दे न ग्रुप फोटोंची यादी त्याच्या खिशात ठेव, नाहीतर सख्खी मावशी जेवून निघून जाते न फोटो राहतो.

अजून एक, लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो, त्यासाठी पत्रिकेसोबत लग्नाचा फोटो मागतात. तेव्हा त्या एका पानात हेही टाक, मुहूर्ताचे चार-पाच फोटो आठ दिवसांत मोबाईलवर पाठवायचे, बाकीचे सावकाश येऊ देत.